जगाचे प्रश्न शिकवणारे शिबिर मराठवाड्याच्या गावात भरावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात उन्हाळी शिबिरांची जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी 'जागतिक प्रश्न आणि नेतृत्व' या विषयावरील एका निवासी शिबिराचा उल्लेख होता. शिबिर दहा दिवसांचे आहे, शहरातील एका हॉटेलात आहे, सगळे कामकाज इंग्रजीतून चालणार आहे आणि त्याचे शुल्क आमच्या भागातील शेतमजूर कुटुंबाच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतके आहे. ते भरवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. नववी-दहावीच्या मुलांना हवामानबदल, स्थलांतर, अन्नधान्याचा व्यापार, युद्ध आणि शांतता हे विषय नीट समजावेत, ही इच्छा मीही जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवताना चौतीस वर्षे बाळगली आहे. परंतु ज्यांच्या घरी हे प्रश्न दर हंगामाला येऊन उभे राहतात, तीच मुले अशा शिबिराच्या बाहेर राहतात. हे शिबिर गावात, मराठीत आणि विनाशुल्क भरवता येते, हे मी अनुभवाने सांगू शकतो, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

उन्हाळी नेतृत्व शिबिरांची ही पद्धत अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. तेथे शाळांना साधारण जून ते ऑगस्ट अशी लांब सुट्टी असते आणि त्या काळात अनेक विद्यापीठे आपली वसतिगृहे व वर्ग शाळकरी मुलांसाठी उघडतात. येल विद्यापीठाचा 'यंग ग्लोबल स्कॉलर्स' हा दोन आठवड्यांचा उपक्रम त्यांपैकी एक असून त्याचे शुल्क हजारो डॉलरमध्ये आहे, जरी गरजूंना काही सवलत मिळते. त्याच देशात टेल्युराइड असोसिएशन ही संस्था मात्र शाळकरी मुलांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग घेते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यांकडून शिकवण्याचे, राहण्याचे वा जेवणाचे पैसे घेत नाही. आपल्याकडे ही कल्पना येताना शुल्काचा नमुना आला, विनाशुल्क नमुना तिकडेच राहिला, याची खंत वाटते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, १२ ते २४ मे या काळात मी आणि माझ्या दोन सहकारी शिक्षिकांनी औसा तालुक्यातील एका गावात असा वर्ग घेतला. सत्तावीस मुले होती, त्यांत पंधरा मुली. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, कारण त्यानंतर पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. शाळेची किल्ली मुख्याध्यापकांनी विश्वासाने दिली, पोह्यांचा खर्च गावातील दोन दुकानदारांनी उचलला, आणि वह्या व एसटीचे भाडे आम्ही तिघांनी मिळून भागवले. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने मुलींच्या प्रवासाचा भार हलका झाला.

पहिल्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली, ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण उद्या दुसरे कोणी असा वर्ग घेतील तेव्हा ती टाळता येईल. मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकासाची सतराही उद्दिष्टे फळ्यावर लिहून काढली. मुलांनी ती निमूटपणे वहीत उतरवली, एकानेही मान वर केली नाही. माझी एक सहकारी शिक्षिका मधल्या सुट्टीत म्हणाली, "सर, ही मुलं परीक्षेचं लिहून घेतल्यासारखं लिहून घेतायत. आपण गावातून सुरुवात करू." दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशा गुंडाळून ठेवला आणि मुलांना घेऊन गावातच फिरलो.

हे गाव पुनर्वसित आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जुने गाव पडले, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अशी बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद सरळ रस्ते, ओळीने घरे, दोन घरांमध्ये मोकळी जागा, हे सगळे मुलांनी जन्मापासून पाहिलेले आहे, त्यामुळे ते असेच का आहे असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींना मुलींनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जुन्या गावात हाक मारली की शेजारीण यायची. इथं घर चांगलं हाय, पण हाक पोचत न्हाई." त्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेने कर्ज दिले होते, देशातील आणि देशाबाहेरील संस्थांनी गावे दत्तक घेतली होती, हे मी नंतर सांगितले. पैसा बाहेरून येतो तेव्हा गावाचा आराखडा कोण ठरवतो, आजींना कोणी विचारले होते का, विचारले असते तर गल्ली राहिली असती का, यावर मुले दीड तास बोलत होती. मदत आणि तिच्याबरोबर येणारे निर्णय हा जगभरच्या पुनर्वसनाचा गाभ्याचा विषय आहे, आणि आमच्या मुलांना तो पायाखालच्या रस्त्यावरून कळला.

या वर्गाचा सर्वांत मोलाचा दिवस मात्र लातूरच्या मोंढ्यावरचा, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला. पेरणीच्या खर्चासाठी घरात राखून ठेवलेले सोयाबीन मे महिन्यात मोंढ्यावर येते, कारण बियाणे आणि खत त्याच पैशातून घ्यायचे असते. आमच्याच वर्गातील एका मुलीच्या वडिलांचे अकरा कट्टे, म्हणजे पोती, त्या दिवशी आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानी, होते. खरेदीदार आला, मूठभर दाणे हातात घेऊन त्याने ते तळहातावर चोळले, एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि भाव पुकारला. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पुकारलेला भाव त्याच्या बराच खाली होता. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली आणि काटा सुरू झाला. मुलगी परतीच्या एसटीत बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "सर, सोयाबीन आमचं, मोंढा लातूरचा, घेणाराबी लातूरचा. मग भाव बाहेरून कसा काय ठरतो?"

पुढचे तीन दिवस आम्ही या एकाच प्रश्नावर घालवले, आणि ठरवलेले इतर दोन विषय खुशाल सोडून दिले. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते, म्हणजे शेतकऱ्याच्या भावाचा मोठा हिस्सा तेलात नसून पेंडीत आहे, हे मुलांनी वहीत गणित मांडून काढले. पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते आणि काही परदेशात जाते. परदेशी बाजारात तिची गाठ अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या पेंडीशी पडते. देशातल्या देशात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात शिरला, त्यानेही पेंडीची मागणी कमी केली. म्हणजे सगळा दोष बाहेरच्यांचा नाही, हेही मुलांना मान्य करावे लागले. तेलाचे म्हणाल तर आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणि सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून येते. २०२२ साली फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या गावच्या किराणा दुकानात गोडेतेलाचा डबा का महागला होता, हे मुलांनी स्वतः जुळवून सांगितले. तेव्हा ती पाचवी-सहावीत होती, पण आईने तळण बंद केल्याचे त्यांच्या लक्षात होते.

मग एका मुलाने अडचणीचा प्रश्न काढला. आयात शुल्क वाढवले तर सोयाबीनला भाव मिळेल, पण तेल महाग होईल, आणि आपल्याच घरी सोयाबीन विकले जाते आणि तेल विकत आणले जाते, तर आपण कोणत्या बाजूचे? आम्ही वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने शेतकरी कुटुंबाची बाजू मांडली, दुसऱ्याने शेत नसलेल्या मजूर कुटुंबाची. भूमिहीन घरातली एक मुलगी उभी राहून म्हणाली की तिच्या आईला महिन्याला तीन किलो तेल पुरवावे लागते आणि तिच्यासाठी हमीभाव हा शब्द दुसऱ्याच्या घरचा आहे. वर्गातील शेतकऱ्यांच्या मुलांनी तिला थांबवले नाही, ती बोलत असताना त्यांनी वहीत नोंदी घेतल्या. नेतृत्व शिकवणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी त्यांना ही दहा मिनिटे सांगेन.

वर्ग संपून सहा दिवस झाले असतील. ३० मे २०२५ रोजी केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा मोबाइलवरची बातमी घेऊन माझ्या दारात उभा होता, आणि पेरणीच्या तोंडावर हा निर्णय झाला याचा अर्थ काय, हे तो मला समजावून सांगत होता. बातमी वाचून ती कोणाच्या ताटापर्यंत आणि कोणाच्या काट्यापर्यंत जाते हे सांगू शकणारा दहावीचा मुलगा आमच्या तालुक्यात तयार होतो, याचा मला फार आनंद झाला.

शहरातील शिबिरांत संयुक्त राष्ट्रांच्या सभेचे अनुकरण करण्याची प्रथा आहे. मुलांना एकेका देशाचे फलक दिले जातात आणि ती ठराव मांडतात. ही पद्धत चांगली आहे, आम्हीही ती वापरली, पण विषय आपला घेतला. १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हैदराबादचा प्रश्न आला होता, म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याचाच प्रश्न जगाच्या त्या मंडळापुढे होता, हे सत्तावीसपैकी एकालाही ठाऊक नव्हते. दरवर्षी १७ सप्टेंबरला ही सगळी मुले मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला उभी राहतात. भारताच्या बाजूने रामस्वामी मुदलियार यांनी हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्यामुळे हा वाद परिषदेच्या कक्षेत येत नाही असा मुद्दा मांडला होता. तो मांडायला आमच्याकडे सात-आठ हात वर आले. निजामाच्या शिष्टमंडळाची बाजू मांडायला मात्र कोणी तयार होईना. रझाकारांच्या गोष्टी प्रत्येकाने घरी आजोबा-पणजोबांकडून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या ऐकल्या होत्या, आणि ती बाजू तोंडाने बोलणेही त्यांना नको वाटत होते. शेवटी एक शांत मुलगा उठला. त्याने रात्री आमच्याकडून कागद नेले, वाचले आणि दुसऱ्या दिवशी ती बाजू जितकी मांडता येईल तितकी प्रामाणिकपणे मांडली. ती खोडून काढताना बाकीच्यांना प्रथमच घोषणांऐवजी कारणे द्यावी लागली. आपल्याला न पटणारे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे आणि मग त्याला उत्तर द्यावे, ही सवय लागली तर ती या मुलांना ग्रामसभेतही उपयोगी पडेल आणि पुढे कोठेही.

आता मे महिन्याविषयी. शिबिर उन्हाळ्यातच का, असे काही पालकांनी मला विचारले. बीड, धाराशिव, जालना, लातूर, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन बाहेर पडतात आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरीही बरीच मुले आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात आणि शाळेचे मधले पाच-सहा महिने त्यांच्या हातून निसटतात. मे हा असा महिना आहे की ती मुले गावात असतात, घरात असतात आणि शाळेची इमारत मोकळी असते. आमच्या वर्गात अशी चार मुले होती. त्यांतल्या एकाला बेळगावकडच्या फडावर राहून राहून कानडी चांगले येते. स्थलांतराचा विषय निघाला त्या दिवशी तोच आमचा शिक्षक झाला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी काय होते, फडावर पाणी कोण आणते, आजारी पडले तर खाडा कसा कापतात, हे त्याने फळ्यावर लिहून सांगितले. महिनोन्‌महिने हजेरीपटावर गैरहजर असलेल्या मुलाला वर्ग इतक्या आदराने ऐकतो आहे, हे पाहून माझ्या सहकारी शिक्षिकेचे डोळे भरून आले.

हवामानाचा विषय आम्ही शेवटी घेतला, आणि तो अद्याप संपलेला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते, तेव्हा ही मुले चार-पाच वर्षांची होती. त्याच मराठवाड्यात गेल्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पिके आणि कित्येक ठिकाणी पिकांखालची मातीही वाहून गेली. मुलांनी मेमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक केले होते. एका महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विचार त्या नोंदीवरून होतो, हे त्यांना ठाऊक झाले होते. मंडळाचे यंत्र काही किलोमीटर दूर असते आणि पाऊस कधी कधी शिवाराच्या एका बांधावर पडतो, दुसऱ्यावर नाही. दोन मुलांनी सप्टेंबरभर रोज सकाळी आठ वाजता आपल्या बाटलीतील पाणी मोजून वहीत लिहिले. ती नोंद सरकारी दप्तरात ग्राह्य नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पंचनाम्याच्या वेळी ती वही घेऊन मुले तलाठ्यांपुढे उभी राहिली आणि त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली.

अशा वर्गाला विरोध नसतो, अडसर असतो तो वेळेचा. दहावीत गेलेल्या मुलाची मे महिन्याची सुट्टी आमच्या जिल्ह्यात शिकवणी वर्गांनी आधीच घेतलेली असते, आणि पालकांना दोष देणे योग्य नाही, कारण 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीने कित्येक घरांची परिस्थिती खरोखर बदलली आहे. म्हणून वर्ग सकाळचे तीन तास आणि दोन आठवड्यांपुरताच असावा. इंग्रजीबद्दलही पालकांना काळजी वाटते. जगाच्या प्रश्नांसाठी इंग्रजी लागते, हे मला मान्य आहे, पण विचार करायला शिकण्याच्या दिवसांत मुलाला शब्द शोधत बसावे लागू नये. आमच्या वर्गात एकही मुलगी पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलू शकली नसती, आणि तेलाच्या शुल्कावरील ती दहा मिनिटे इंग्रजीत कधीच घडली नसती. इंग्रजी बातम्या आम्ही वर्गात एकत्र वाचल्या, शब्द फळ्यावर लिहिले, एवढे पुरले.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला, तसेच जिल्हा नियोजन समितीला माझी विनंती आहे की प्रत्येक तालुक्यात निदान एका शाळेत असा विनाशुल्क वर्ग यंदाच्या मे महिन्यात घ्यावा. मुलांची निवड केवळ गुणांवर करू नये; प्रत्येक शाळेतून एक मुलगा व एक मुलगी घ्यावी आणि ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्यात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील अभ्यासकांनी, छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील आपल्या दोन्ही विद्यापीठांतील अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकेक सकाळ दिली तरी शिक्षकांना मोठा आधार होईल. जालन्यात बियाण्यांचा व्यवसाय उभा करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. त्या शहरातील बियाणे उद्योगाने आपल्या प्रक्रिया केंद्राची दारे अशा मुलांसाठी एक दिवस उघडली, तर त्याहून चांगली सहल नाही. ज्या संस्थेने शहरात सशुल्क शिबिर आयोजित केले आहे, तिनेही आपल्या तज्ज्ञांपैकी एखाद्याला दोन दिवस गावाकडे पाठवावे. राहण्या-जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आमचा यंदाचा वर्ग मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होत आहे. गेल्या वर्षीच्या मुलांपैकी नऊ जण या वेळी शिकवणाऱ्यांच्या बाजूला बसणार आहेत, आणि ज्या मुलीचे अकरा कट्टे त्या दिवशी मोंढ्यावर होते तिने सोयाबीनचे तीन दिवस स्वतः शिकवण्यासाठी मागून घेतले आहेत. तिने त्यासाठी ऑक्टोबरपासून लातूरच्या मोंढ्यावरील रोजचे भाव एका वहीत उतरवून ठेवले आहेत.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. औसा, जि. लातूर